साकेचे तापमान भांड्यात नव्हे, कपात मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी मद्यांविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा साकेच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते: ‘तांदळाची जपानी दारू, गरम करून पितात.’ थोडी अधिक माहिती असलेले लेखक त्यात भर घालतात की चांगली साके गार प्यावी, गरम करायची ती हलकी. आपल्या पुरवणीतही अलीकडे हाच सल्ला वाचला. पहिले विधान अपुरे आहे आणि दुसरे सरळसरळ चूक. साके किती अंशांवर प्यायची हे बाटलीच्या किमतीवरून ठरत नाही. तांदूळ किती घासला, आंबवण कसे लावले, आम्ले कोणती उतरली, सुगंध कोणत्या यीस्टचा, यावरून ते ठरते. आणि एकाच बाटलीला दोन-तीन वेगवेगळ्या तापमानांवर रंग चढू शकतो. ती तापमाने घरच्या घरी कशी शोधायची, एवढ्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे याची कल्पना आहे. काटछाट करावी लागलीच तर इतिहास कापावा, आकडे ठेवावेत.

आधी मद्याविषयी दोन शब्द. साके ही भट्टी लावून काढलेली दारू नव्हे, त्यामुळे व्होडकासारखी एका घोटात रिचवायची तर मुळीच नव्हे. तांदूळ घासून, धुऊन, भिजवून वाफवतात. त्यातल्या काही भागावर कोजी ही बुरशी वाढवतात. बुरशी तांदळातल्या पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. दोन्ही कामे बरोबरीने चालतात म्हणून नुसत्या आंबवण्यावर अल्कोहोल १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढते. मग पाणी घालून ते १५-१६ वर आणतात. कोजी वापरून मद्य बनवण्याच्या या पारंपरिक कौशल्याची युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

आता तापमानांकडे. जपानीत जवळजवळ दर पाच अंशांना वेगळे नाव आहे. ५ अंशांना युकीबिए, १० ला हानाबिए, १५ ला सुझुबिए. मग २० च्या आसपासचे खोलीचे तापमान. त्यापुढे ३० ला हिनाताकान, ३५ ला हितोहादाकान, ४० ला नुरुकान, ४५ ला जोकान, ५० ला आत्सुकान आणि ५५ च्या वर तोबिकिरीकान. ही नावे कोणी पाठ करावीत असा आग्रह नाही. मात्र ज्याला आपण सरसकट ‘गरम’ म्हणतो त्याच्या पोटात २५ अंशांचा पल्ला आहे, हे ध्यानात असावे. ३५ वर चाखलेली आणि ५५ वर चाखलेली साके एकाच बाटलीतली होती हे सांगितल्याशिवाय पटत नाही.

गरम करण्याची रीत हलका माल खपवण्यासाठी निघाली हा समज तर इतिहासालाही धरून नाही. लुईश फ्रॉइश हा पोर्तुगीज जेझुइट १५४८ मध्ये गोव्यात आला, तिथेच घडला आणि १५६३ मध्ये जपानला पोहोचला. १५८५ मध्ये युरोपातल्या आणि जपानमधल्या चालीरीतींची तुलना करताना त्याने नोंदवून ठेवले आहे की आपल्याकडे वाइन थंड करतात आणि जपानी लोक जवळपास वर्षभर ती गरम करून पितात. बदनामी झाली ती फार नंतर. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची चणचण होती. तेव्हा मूळ मद्यात बाहेरचे अल्कोहोल, ग्लुकोज आणि आम्ले मिसळून एका पिंपाचे तीन पिंप करण्याची पद्धत रूढ झाली. हा माल चटका बसेल इतका तापवला की त्याचे दोष झाकले जात. १९८० च्या दशकात गिंजोची, म्हणजे तांदूळ जास्त घासून केलेल्या सुगंधी साकेची लाट आली. ती गारच प्यायली जात असल्याने ‘गार म्हणजे उंची, गरम म्हणजे स्वस्त’ हे समीकरण पक्के झाले. तिप्पट केलेला तो माल २००६ च्या कायदाबदलानंतर ‘सेइशू’ (साकेचे कायद्यातले नाव) म्हणून विकता येत नाही, आणि निव्वळ गरम साकेची स्पर्धा जपानमध्ये २००९ पासून भरते. समीकरण मात्र भारतातल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डांवर अजून टिकून आहे.

तापमानाने चव बदलते ती नेमकी कशाने? पहिले कारण जिभेचे. गोडी आणि उमामी ही भरदार चव यांचा निरोप मज्जातंतूंकडे पोहोचवणाऱ्या साखळीत टीआरपीएम५ नावाची एक प्रथिनाची वाहिनी असते. १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तिची कामगिरी झपाट्याने वाढते, हे २००५ मध्ये दाखवले गेले. फ्रिजमधून काढल्या काढल्या आमरस फिका लागतो आणि अर्ध्या तासाने तोच गोड लागतो, ते यामुळेच. साकेत अमिनो आम्ले आणि ग्लुकोज दोन्ही भरपूर असल्याने तिच्यात हा फरक वाइनपेक्षा ठळक जाणवतो.

दुसरे कारण आम्लांचे. लॅक्टिक आणि सक्सिनिक ही साकेतली मुख्य आम्ले. ती गार असताना जिभेवर करकरीत किंवा किंचित कडवट लागतात आणि ४० च्या पुढे गोलाई धरतात. मॅलिक आणि सायट्रिक आम्लांचे उलटे: ती गारच छान, तापवली की ढिली पडतात. म्हणून ७७ क्रमांकाच्या यीस्टसारख्या (जपानमध्ये साकेच्या यीस्टना असे क्रमांक असतात), मुद्दाम मॅलिक आम्ल जास्त बनवणाऱ्या यीस्टची साके गरम करण्याच्या भानगडीत पडू नये.

तिसरे कारण वासाचे. गिंजोचा फळांसारखा सुगंध मुख्यतः दोन एस्टरांचा, म्हणजे सुगंधी संयुगांचा असतो. आयसोअमाइल अॅसिटेट केळ्याच्या वळणाचा, एथिल कॅप्रोएट सफरचंदाच्या. १० ते १५ अंशांवर ते हळूहळू सुटतात. ४५ वर दोन्ही एकदम उसळतात, त्यांच्या जोडीला अल्कोहोलची वाफ येते, आणि नाकाला सफरचंदाऐवजी नेलपॉलिश आठवते. फळांचा दर्प ओसरला की मागे दबलेला कडवटपणा उघडा पडतो. १८०१ क्रमांकाच्या यीस्टची, खूप घासलेल्या तांदळाची दाइगिंजो गरम करून नासवणे म्हणतात ते हेच. पण याचा अर्थ सगळी गिंजो गारच प्यावी असा नाही. कमी सुगंधाची, ९ क्रमांकाच्या यीस्टची जुन्या वळणाची गिंजो ४० वर सुरेख उमलते. तिला ५० वर मात्र नेऊ नये.

लेबलवरून अंदाज बांधायचा तर आधी घासणीचा आकडा पाहावा. घासून उरलेला तांदूळ ६० टक्के किंवा कमी असेल तर गिंजो, ५० किंवा कमी असेल तर दाइगिंजो, आणि थोडे बाहेरचे अल्कोहोल घातलेल्या होनजोझोला मर्यादा ७० टक्क्यांची. जुनमाई म्हणजे बाहेरचे अल्कोहोल अजिबात न घातलेली. २००४ पासून तिला घासणीची अट नाही. आकडा जितका मोठा तितकी तांदळाच्या बाहेरच्या थरातली प्रथिने जास्त, म्हणून अमिनो आम्ले जास्त, म्हणून उष्णता पेलण्याची ताकद जास्त. दुसरी खूण आंबवणाच्या पद्धतीची. किमोतो किंवा यामाहाई असे लिहिलेले असेल तर लॅक्टिक आम्ल बाहेरून न घालता पिंपात आपोआप वाढू दिलेले असते. अशी साके २० वर बऱ्याचदा आडदांड लागते. ४५ ते ५० वर तिच्याइतकी समजूतदार दुसरी नाही. लेबलवर आम्लता १.६ च्या वर आणि घासणी ६५ ते ८० टक्के दिसली तर तापवून पाहिल्याशिवाय बाटलीवर मत देऊ नये.

तांदळाच्या जातीवरूनही थोडे कळते. इथे पुणेकरांना एक धागा जवळचा आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचे उद्यान. त्याच ओकायामाचा ओमाची हा तांदूळ. १८५९ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याने त्याच्या ओंब्या निवडून लावल्या, आणि आजही तो बहुतांश त्याच भागात पिकतो. त्याचा दाणा मऊ असतो, आंबवणात चांगला विरघळतो, त्यामुळे साकेला अंग भरून येते. ओमाचीची जुनमाई ४२ ते ४८ च्या पट्ट्यात क्वचितच निराश करते. नीगाताच्या गोह्याकुमानगोकु या तांदळाची साके हलकी, सुटसुटीत. ती १५ वर किंवा फार तर ४० वर. यामादानिशिकीबद्दल असा सरळ नियम सांगता येत नाही, कारण स्पर्धेची दाइगिंजो आणि गरम करायची भक्कम जुनमाई दोन्ही तिच्यापासूनच होतात.

आता प्रत्यक्ष कृती. लागते फार थोडे. एक स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल थर्मामीटर, सळई असलेला. ताप पाहायचा थर्मामीटर चालत नाही. तो ४२-४३ ला हात टेकतो आणि खरी गंमत त्यापुढे असते. थर्मामीटर आधी तपासावा: चुरा केलेला बर्फ आणि थोडे पाणी ढवळून त्यात ० दाखवायला हवा, उकळत्या पाण्यात मुंबईत १०० आणि पुण्याच्या उंचीवर ९८ च्या आसपास. सारख्या आकाराचे, आतून पांढरे, पन्नास-साठ मिलीचे चिनी मातीचे कप. तोक्कुरी ही जपानी सुरई असेल तर उत्तम, तिच्यात साधारण १८० मिली मावते. नसेल तर स्टीलचे फुलपात्र तितकेच चांगले काम करते, किंबहुना आत थर्मामीटर घालायला सोयीचे. कल्हई नसलेले पितळेचे किंवा तांब्याचे भांडे मात्र वापरू नये. साके आम्लधर्मी असते, ती धातू उचलते आणि सगळ्यांनाच तोंडात नाणे धरल्याची चव देते.

पाण्याची अंघोळ अशी करावी. पातेल्यात पाऊण लिटर पाणी उकळवावे, गॅस बंद करावा आणि त्यात पाव लिटर साधे पाणी घालावे. मिश्रण ८० च्या आसपास येते. ज्योतीवर ठेवलेल्या पातेल्यात साके कधीही तापवू नये. तळाशी उष्णता सतत वाढत राहते, हात ढिला पडला की ६० पार होतात, आणि अल्कोहोल ७८ अंशांवर उकळत असल्याने भांड्याच्या कडेला ते आधीच निसटू लागते. फुलपात्रात १८० मिली साके घेऊन ते या पाण्यात बसवावे. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या साकेइतकी असावी. पाणी कमी पडले तर वरची साके गार आणि खालची गरम राहते. तोंडावर बशी झाकावी म्हणजे वास कोंडून राहील. साके २५ वर असेल तर स्टीलमध्ये दीड-दोन मिनिटांत ४५ येतात, चिनी मातीच्या सुरईत तीन ते चार मिनिटे लागतात. घड्याळावर विसंबू नये. भांड्याची जाडी बदलली की हिशेब बदलतो. काढण्यापूर्वी थर्मामीटरच्या सळईनेच एकदा हलके ढवळावे, कारण गरम साके वर तरंगते आणि सळईचे टोक वर असेल तर आकडा फसवा येतो. ८० ऐवजी ६० अंशांच्या पाण्यात तापवली तर वेळ दुप्पट लागतो. सावकाश तापवलेली साके मऊ लागते आणि भराभर तापवलेली धारदार, असे गरम साकेत मुरलेले लोक सांगतात. हलक्या होनजोझोला धार बरी, जड यामाहाईला मऊपणा.

आणि आता ज्यासाठी पत्राचे शीर्षक दिले ते. भांड्यात मोजलेले तापमान तोंडापर्यंत पोहोचत नाही. साठ ग्रॅम वजनाचा कप २८ अंशांच्या खोलीत ठेवलेला आहे असे धरा. त्यात ५० अंशांची २५ मिली साके ओतली की कप आणि साके एकमेकांशी तडजोड करतात आणि दोघांची गाठ ४२-४३ वर पडते. म्हणजे आत्सुकान चाखतो आहोत असे समजून आपण नुरुकानच्या जवळपास असतो. गार बाजूलाही तेच. फ्रिजमधली ५ अंशांची साके त्याच कपात ओतली की १२-१३ होते. ‘बर्फासारखी गार चाखली, तरी वास आला’ असे कोणी म्हटले तर त्याने ती ५ वर चाखलेलीच नसते. उपाय साधा आहे. गरम चाखणीचे कप आधी गरम पाण्याने भरून ठेवावेत, ओतण्यापूर्वी पाणी फेकून पुसावेत. गार चाखणीचे कप बाटलीबरोबर फ्रिजमध्ये ठेवावेत. तरीही थर्मामीटर कपात बुडवून मगच आकडा लिहावा. चाखणीची निम्मी भांडणे इथेच मिटतात.

क्रम कसा असावा यावर जाणकारांत एकमत नाही. तरी २० पासून सुरुवात करणे सर्वांत सोयीचे, कारण जपानमध्ये व्यावसायिक परीक्षणही याच तापमानाच्या आसपास, तळाशी निळी वर्तुळे असलेल्या पांढऱ्या कपांतून होते. २० वर साके काहीच लपवत नाही आणि काहीच मिरवत नाही. इथे तिचे दोष लिहून घ्यावेत. मग १० वर. मग वर चढावे: ४०, ४५, ५०. गरम तीन टप्प्यांसाठी वेगवेगळी भांडी नकोत. फुलपात्रात १२० मिली घेऊन ४० ला २५ मिली काढावी, भांडे परत पाण्यात, ४५ ला पुन्हा २५, ५० ला पुन्हा २५. साके कमी असल्याने ती भराभर चढते, नजर आकड्यावर ठेवावी. उरलेली बाहेर काढून तशीच निवू द्यावी आणि ४० वर आली की पुन्हा चाखावी. चढताना लागलेली ४० आणि उतरताना लागलेली ४० सारखी नसते. उतरतीला वरवरचे वास उडून गेलेले असतात. बेताची साके इथे पाणचट होते, भक्कम साके शांत होते. रागीट यामाहाई मुद्दाम ५५ पर्यंत नेऊन ४५ वर उतरवण्याची युक्ती गरम साकेचे खास अड्डे चालवणारे वापरतात ती याच कारणाने.

प्रत्येक टप्प्याला चारच गोष्टी टिपाव्यात: कप नाकाशी नेताच काय आले, जिभेच्या मध्यावर गोडी किती, कडेला आम्ल कसे, आणि गिळल्यावर चव पटकन तुटली की रेंगाळली. मधल्या वेळेत कोमट पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे. बर्फाचे पाणी नको. त्याने जीभ बधिर होते आणि पुढचा गरम घोट आहे त्यापेक्षा तिखट वाटतो. डोळे झाकून तापमान ओळखण्याचा खेळ अर्थातच निरर्थक आहे. दोन बाटल्या एकाच तापमानाला आणून, कोणती कोणती ते न सांगता चाखणे हा खरा कस. किमतीचा दबाव गेला की ४५ अंशांवर साधी जुनमाई महागड्या दाइगिंजोला अनेकदा हरवते.

काय दिसेल याचा ढोबळ अंदाज देतो. ताजी, खूप घासलेली दाइगिंजो १० वर बंदिस्त, १५ वर पूर्ण उघडी, २० वर थोडी सैल, ४० वर गोड पण बिनवासाची, ५० वर कडवट. ७० टक्के घासणीची जुनमाई १० वर मुकी आणि किंचित तुरट, २० वर तांदळाच्या पेजेचा वास, ४० ला गोडी वर, ४५ ला गोडी आणि आम्ल बरोबरीत, ५० ला आम्ल आणि अल्कोहोल पुढे, शेवट स्वच्छ. होनजोझोत घातलेले थोडेसे अल्कोहोल तिला हलकी ठेवते, म्हणून ती ५० वरही जड होत नाही. तेलकट माशांबरोबर तीच बरी. पाश्चरीकरण न केलेल्या नामाझाके १० च्या आसपासच चाखावी. गढूळ निगोरी तापवता येते, पण बुडबुडे असलेली निगोरी तापवली तर बुडबुडे जातात आणि मागे नुसती आंबूस पेज राहते.

चुका ठरावीक असतात. मायक्रोवेव्हमध्ये सुरई ठेवली की तिची मान तापते आणि पोट गार राहते. पहिला कप ६० चा, शेवटचा ३५ चा. मायक्रोवेव्हच हाताशी असेल तर रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात, वीस-वीस सेकंदांच्या हप्त्यांनी, दर हप्त्याला ढवळून. चुकून ५८-६० झाली तर पूर्ण टाकून देण्याची गरज नाही. १५० मिलीत ३० मिली साधी साके घातली की ती ५२-५३ वर उतरते, आणि कपात त्याहून खाली. पण एकदा निवलेली साके पुन्हा तापवली तर ती सपक होते, त्यावर इलाज नाही. घाईत फ्रीझरमध्ये टाकलेली बाटली विसरली तर गोठून काच तडकते. गार करायला बर्फ आणि पाणी अर्धे अर्धे, त्यात बाटली मानेपर्यंत. ३० अंशांची ७२० मिलीची बाटली वीस-पंचवीस मिनिटांत पिण्यालायक होते.

आपल्या हवेचा मुद्दा वेगळा. बाटलीवर ‘खोलीचे तापमान’ असा सल्ला असतो तो जपानी खोलीचा, २० अंशांचा. मे महिन्यात मुंबईत कपाटातली बाटली मुळातच ३० च्या वर असते, म्हणजे हिनाताकान होऊनच बसलेली. तिथे ‘तशीच’ चाखायची तर आधी दहा मिनिटे थंड पाण्यात ठेवावी लागते. साठवणुकीत तर हे तापमान घातकच. उष्णतेत साके पिवळी पडते आणि तिच्यात शिळ्या लोणच्यासारखा, गंधकाचा वास धरतो. तो डायमिथाइल ट्रायसल्फाइडचा. प्रकाशाने होणारे नुकसान वेगळे आणि फार जलद असते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उभी असलेली पांढऱ्या काचेची बाटली म्हणूनच घेऊ नये. जपानमध्ये काही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात, उजेड अडवायला. आपल्या अंकाचा असाही उपयोग होऊ शकतो, याची नोंद घ्यावी. पाश्चराइज केलेली बाटली १५ अंशांच्या खाली, नामाझाके ५ च्या खाली. वाइनसारखी आडवी ठेवू नये. झाकणाशी लागून राहिलेली साके झाकणाचा वास घेते.

प्रमाणाविषयी. वर सांगितलेली पूर्ण चाखणी १५० मिलीची, म्हणजे साधारण १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने ‘बेताचे पिणे’ म्हणून दिवसाला सुमारे २० ग्रॅम हा आकडा सांगितला आहे. म्हणजे चाखणी झाली की त्या दिवसाचा कोटा संपला. दोन बाटल्या ताडून पाहायच्या असतील तर थुंकायला भांडे ठेवावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तितकेच पाणी सोबत प्यावे. जपानी बैठकीत तशी रीतच आहे.

जपानमध्ये जुन्या वळणाच्या दुकानात बसलात तर ‘हिया’ मागितल्यावर फ्रिजमधली नव्हे तर न तापवलेली साके येते. गार हवी असेल तर ‘रेइशू’ म्हणावे. गरम मागताना नुसते ‘आत्सुकान’ म्हणण्यापेक्षा बाटली निवडून ‘हिला किती अंश बरे?’ असे विचारावे. ज्याला साके तापवता येते तो माणूस या प्रश्नाने खूश होतो, आणि उत्तर अनेकदा ४३ किंवा ४७ असे नेमके येते.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी. सुगंधी गिंजो आठवड्याभरात संपवावी. किमोतो, यामाहाई तीन-चार आठवडे सहज टिकतात, आणि काही तर उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात जास्त चांगल्या तापतात. त्यानंतर उरलेली साके मासे मुरवायला वापरावी: अर्ध्या किलो सुरमईच्या तुकड्यांना दोन मोठे चमचे साके आणि मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवले, वरचे पाणी टिपून घेतले, की वशाट वास बराच कमी होतो.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे